जुन्या नटांची छायाचित्रे दाखवताना मागची बाजूही दाखवा

मॉस्को आर्ट थिएटरच्या मंडळींचे १८९९ सालचे एक छायाचित्र रंगभूमीच्या इतिहासात रस असणाऱ्या बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते. मध्यभागी रशियन नाटककार अंतोन चेखव हातात नाटकाची प्रत धरून बसले आहेत. त्यांच्याभोवती स्तानिस्लावस्की, ओल्गा क्निपर, मेयरहोल्ड आणि बाकीचा नटसंच दाटीवाटीने बसला-उभा आहे, आणि काहीतरी महत्त्वाचे पहिल्यांदाच कानावर पडत असावे अशी एकाग्रता त्या घोळक्यात आहे. खालची ओळ ठरलेली असते: चेखव आपले ‘सीगल’ नटांना वाचून दाखवत आहेत. अडचण एवढीच की या मंडळींनी ‘सीगल’चा पहिला प्रयोग डिसेंबर १८९८ मध्येच केला होता. छायाचित्र निघाले तेव्हा नाटक त्यांच्या तोंडी बसलेले होते आणि ऐकण्यासारखे त्यात नवे काही उरले नव्हते. ही मंडळी ऐकण्याचा अभिनय करत आहेत, आणि तो इतका चोख वठला आहे की सव्वाशे वर्षे आपण त्याला घडलेला प्रसंग समजत आलो.

असल्या प्रतिमांचा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पूर लोटला आहे. ग्रंथालये, संग्रहालये आणि नाट्यविषयक अभिलेखागारे यांनी आपापल्या कपाटांतील चित्रे, छापे, छायाचित्रांच्या मूळ काचा आणि छायाचित्रे संगणकावर आणून सर्वांसाठी खुली केली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाखांच्या घरातील प्रतिमा एकदम मुक्त केल्या, आणि युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या दृश्य कलाकृतीच्या साध्या नकलेवर नवा हक्क सांगण्याची वाट बंद केली. हे चांगलेच झाले. तक्रार आहे ती खुले करण्याच्या रूढ पद्धतीविषयी. पडद्यावर येतो तो नुसता चेहरा, नटाचे नाव, भूमिकेचे नाव आणि अंदाजे साल. छायाचित्र ज्यावर चिकटवलेले असते त्या पुठ्ठ्याच्या कडा कापलेल्या असतात, मागची बाजू दाखवलेली नसते, आणि चित्र कोणी, कशासाठी, कोणाच्या पैशाने काढले याची नोंद असलीच तर ती आतल्या सूचीत दडलेली असते. असा सुटा झालेला चेहरा मग हातोहात फिरतो. त्याला रंग चढतात, तो ठळक केला जातो, अलीकडे तर तो हलवलाही जातो, आणि त्याच्या जोरावर ‘पूर्वीचा अभिनय भडक होता’ असा निकाल कोणीही ठोकून मोकळा होतो. माझे म्हणणे असे की नटाची जुनी प्रतिमा ही त्याच्या अभिनयाची नोंद क्वचितच असते. ती चित्र काढण्याच्या आणि विकण्याच्या एका वेगळ्याच व्यवहाराची नोंद असते, आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनी त्या व्यवहाराच्या खुणांसकटच ती लोकांपुढे ठेवली पाहिजे.

कॅमेरा येण्याच्या कितीतरी आधीचे कलावंत या बाबतीत आपल्यापेक्षा सावध होते असे कधीकधी वाटते. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमाराचे एक मोठे ग्रीक मद्यपात्र आहे. त्यावर चितारलेल्या प्रोनोमोस या वादकाच्या नावाने ते ओळखले जाते. प्राचीन ग्रीक नटांविषयी कोणी बोलू लागले की या पात्राचा दाखला हटकून निघतो, आणि गंमत अशी की त्यातले नट अभिनय करतच नाहीत. वेश चढवलेले आहेत, पण मुखवटे हातात आहेत. कोणी शेजाऱ्याशी बोलतो आहे, कोणी नुसताच उभा आहे. वृंदातल्या एकाने तेवढा मुखवटा तोंडावर चढवला आहे आणि त्याचे पाय लगेच नाचू लागले आहेत. मुखवटा हातात असताना आणि तोंडावर असताना एकाच माणसात काय फरक पडतो, हे त्या चित्रकाराने एका नजरेत दाखवून ठेवले. प्रयोग कसा होत असे हे सांगण्याच्या भरीस तो पडला नाही.

दगडाची गोष्ट याहून बोलकी आहे. चिदंबरमच्या मंदिराच्या गोपुरांत नाट्यशास्त्रातली १०८ करणे कोरलेली आहेत, आणि पाहणारे त्यांच्याकडे उभे राहण्याच्या ढंगांचा संग्रह म्हणून पाहतात. भरताची व्याख्या मात्र ‘हस्तपादसमायोगो नृत्यस्य करणं भवेत्’ अशी आहे. हात आणि पाय यांच्या मेळातून घडणारी क्रिया म्हणजे करण. तिला आरंभ असतो, मध्य असतो आणि शेवट असतो. शिल्पकाराला त्यातला एकच क्षण धरता येत होता, आणि तो प्रत्येक वेळी कोणता धरला आहे हे दगड सांगत नाही. पद्मा सुब्रह्मण्यम यांनी संशोधनातून आणि स्वतःच्या नृत्यातून करणांतली ही हालचाल पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना शिल्पाच्या जोडीला ग्रंथ आणि जिवंत शरीर या दोहोंची गरज पडली. नर्तकी पाय वर घेऊन तशीच ताटकळत उभी राहत असे, असा अर्थ त्या शिल्पावरून कोणी काढला तर आपण हसू. छायाचित्रावरून आपण रोज असाच अर्थ काढतो आणि कोणी हसत नाही.

एक अपवाद मान्य केला पाहिजे. जपानच्या काबुकीत ‘मिए’ नावाची रीत आहे: प्रसंग टिपेला पोचला की लाकडी ठोकळ्यांचा कडकडाट होतो, नट अंग आवळून, डोळे रोखून स्तब्ध होतो, आणि प्रेक्षक त्या क्षणाला दाद देतात. म्हणजे तिथे नाट्यच स्वतः चित्र होऊन थांबते. तोशुसाई शाराकु या चित्रकाराने १७९४-९५ च्या जेमतेम दहा महिन्यांत काबुकी नटांचे १४० च्या आसपास लाकडी ठशांचे छापे केले आणि मग तो इतिहासातून नाहीसा झाला. ओतानी ओनिजी या नटाचा त्याने केलेला छापा जगभर माहीत आहे: मान पुढे काढलेली, ओठ मुडपलेले, आणि अंगरख्यातून बाहेर आलेल्या दोन्ही पंजांची बोटे फाकलेली. हे छापे रंगमंचावरच्या क्षणाच्या इतर कोणत्याही परंपरेतल्या चित्रापेक्षा जवळ जात असतील, कारण तो क्षण मुळातच पाहण्यासाठी थांबवलेला होता. पण हे आपल्याला काबुकीविषयी ठाऊक आहे म्हणूनच म्हणता येते. नुसता छापा हातात आला असता तर तोही इतरांसारखाच मुका राहिला असता.

युरोपात नटाचे चित्र हा लवकरच धंदा झाला. चित्रकार विल्यम होगार्थने १७४५ मध्ये इंग्रज नट डेव्हिड गॅरिकला शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेत रंगवले, त्याचे २०० पौंड घेतले, आणि पुढच्याच वर्षी त्यावरून कोरीव छापे विक्रीला आले. तंबूत दुःस्वप्नातून दचकून उठलेला राजा, पुढे ताणलेला उजवा पंजा, सैलावलेली भरजरी वस्त्रे: सगळी मांडणी ऐतिहासिक विषयांच्या भव्य चित्रांच्या परंपरेतून आलेली आहे. त्यात गॅरिक किती आणि चित्रकलेचे संकेत किती हे वेगळे करायला चित्र आपल्याला काहीच मदत करत नाही. याच्या शेजारी जर्मन लेखक लिख्टेनबर्ग याने १७७५ मध्ये पत्रातून केलेले गॅरिकच्या हॅम्लेटचे वर्णन ठेवून पाहावे. भूत दिसताच गॅरिक झटक्यात वळतो, गुडघे लटपटत दोन-तीन पावले मागे जातो, टोपी खाली पडते, दोन्ही हात पसरतात. त्यातला डावा जवळजवळ सरळ, पंजा डोक्याच्या उंचीवर, उजवा जरा वाकलेला आणि खाली, बोटे फाकलेली, तोंड उघडे, आणि तो तिथेच खिळून राहतो. सोबती त्याला सावरून धरतात. त्यात क्रम आहे, वेग आहे, थांबणे आहे. अभिनय कळायला लागतात त्या गोष्टी याच. एका परदेशी प्रेक्षकाच्या पत्राने जे जपले ते त्या भल्या मोठ्या तैलचित्राला जपता आले नाही, आणि म्हणून समकालीन वर्णने चित्राशेजारी ठेवणे हा मला हौसेचा भाग वाटत नाही; चित्र वाचण्याची ती किमान सोय आहे.

चित्रकार जॉन सिंगर सार्जंटने १८८९ मध्ये केलेले इंग्रज नटी एलेन टेरीचे लेडी मॅकबेथच्या वेशातले चित्र याच तर्काचे दुसरे टोक दाखवते. तिचा तो हिरवा, चमकणारा पोशाख अस्सल आहे. सुमारे हजार भुंग्यांचे पंख त्यावर शिवलेले होते, आणि दुरुस्त केलेला तो पोशाख आजही तिच्या स्मॉलहाइथ येथील घरात पाहायला मिळतो. दोन्ही हातांनी मुकुट उंच धरून स्वतःच्या मस्तकावर ठेवणारी तिची ती गाजलेली मुद्रा मात्र प्रयोगात कुठेच नव्हती. ती सार्जंटची कल्पना. एकाच चित्रात कापड खरे आणि हात खोटे. पोशाखाच्या इतिहासकाराला हे चित्र सोन्यासारखे आहे आणि अभिनयाच्या इतिहासकाराला फसवे आहे, आणि दोघांनाही ते एकाच ओळीच्या नोंदीसह दिले जाते.

कॅमेरा आल्यावर हा प्रश्न सुटेल असे कोणालाही वाटले असते. झाले उलटे, कारण यंत्राने काढलेल्या चित्रावर आपला विश्वास आंधळा असतो. पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने १८५४ मध्ये एकाच काचेवर आठ-आठ चित्रे घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. ती कापून साधारण चार इंच उंच, अडीच इंच रुंद पुठ्ठ्यावर चिकटवली जात. पुढच्या दशकात या कार्डांचे वेड पसरले, आणि राजघराण्यांच्या पाठोपाठ सर्वांत जास्त खपले ते नट-नट्यांचे चेहरे. असे एक कार्ड हातात घेऊन नीट पाहिले की बरेच काही उलगडते. नायिका तलवार उपसून उभी आहे, पण तिच्या घोट्यांमागे एका लोखंडी स्टँडचा पाया डोकावतो. त्याचा वर गेलेला चिमटा तिची मान मागून धरून ठेवतो, कारण काचेवर प्रतिमा उमटेपर्यंत काही सेकंद मान हलून चालणार नाही. मागचे अरण्य रंगवलेल्या पडद्यावर आहे आणि जिथे पडदा जमिनीला टेकतो तिथे स्टुडिओचा गालिचा सुरू होतो. डोळे रोखलेले आहेत ते शत्रूवर की सेकंद मोजणाऱ्या छायाचित्रकारावर, हे सांगता येत नाही. कार्ड उलटले की स्टुडिओचे नाव, पत्ता, नक्षी, बहुधा काचेचा क्रमांक, आणि कधीकधी विकत घेणाऱ्याने पेन्सिलीने लिहिलेली तारीख. समोरच्या बाजूवर एक राणी दिसते. ती दुकानात विकायला ठेवलेली वस्तू होती हे मागच्या बाजूवर लिहिलेले असते.

हा व्यवहार किती उघड होता हे न्यूयॉर्कचा छायाचित्रकार नेपोलियन सरोनी याच्या कारभारावरून कळते. तो नामवंत नटांना बैठकीसाठी पैसे मोजत असे आणि बदल्यात त्यांची चित्रे विकण्याचा एकाधिकार घेत असे. फ्रेंच नटी सारा बर्नहार्टला १८८० मध्ये त्याने १,५०० डॉलर दिल्याचे सांगितले जाते. त्याने १८८२ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्डची छायाचित्रे काढली, त्यातल्या १८ क्रमांकाच्या चित्राच्या ८५,००० प्रती एका छापखान्याने परस्पर छापल्या, आणि भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. छापखान्याचा युक्तिवाद असा की छायाचित्र यंत्र काढते, त्याला कर्ता नसतो. न्यायालयाने १८८४ मध्ये सरोनीच्या बाजूने निकाल देताना जे कारण मानले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे: माणसाला कॅमेऱ्यासमोर कसे बसवायचे, कपडे आणि पडदे कसे मांडायचे, उजेड-सावली कशी ठेवायची, आणि हवा तो भाव त्याच्या चेहऱ्यावर कसा आणायचा, हे सारे सरोनीचे होते, म्हणून चित्राचा कर्ता तोच. वाइल्ड नट नव्हता, पण नटांची चित्रे त्याच स्टुडिओत त्याच रीतीने निघत होती. चेहऱ्यावरचा भाव छायाचित्रकाराने आणवलेला आहे असे कायद्याने १८८४ मध्येच मान्य केलेले असताना, तोच भाव आज आपण नटाच्या रंगमंचीय शैलीचा पुरावा म्हणून पुढे करतो याला काय म्हणावे?

रसायन आणि यंत्र यांनीही आपला वाटा उचलला आहे. जुन्या काचांना निळा प्रकाश तेवढा जास्त दिसत असे, आणि चित्रपटाच्या सुरुवातीच्या काळातली फिल्मही तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. त्यामुळे लाल ओठ काळे उमटत, निळे डोळे पांढुरके आणि पोकळ दिसत, चेहऱ्यावरची लाली डागांसारखी येत. हे टाळण्यासाठी जाड रंगभूषा करावी लागे. सर्व रंग टिपणारी फिल्म १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळेपर्यंत पडद्यावरचे चेहरे असे घडत होते, आणि आज त्यांच्याकडे पाहून आपण नटाला ‘थोबाड रंगवलेला’ म्हणतो. वेगाची कथा तशीच. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवला जाई आणि सेकंदाला साधारण १६ ते वीस-बावीस चौकटी घेई. बोलपटाबरोबर २४ चा वेग ठरला. सोळाच्या वेगाने घेतलेली हालचाल चोवीसच्या वेगाने दाखवली तर एक सेकंदाचे काम दोन-तृतीयांश सेकंदात उरकते. शांतपणे वळलेली मान त्यामुळे झटका देते, आणि हळूच उचललेला हात फेकल्यासारखा दिसतो. कित्येक दशके जुने मूकपट असेच दाखवले गेले आणि ‘जुन्या नटांचे हातवारे’ ही विनोदाची बाब झाली. तो विनोद बऱ्याच अंशी प्रक्षेपकाचा होता.

चित्रपटाच्या स्थिरचित्रांविषयी तर गैरसमज जवळजवळ सार्वत्रिक आहे. आपण ज्याला चित्रपटातले दृश्य म्हणून पाहतो ते बहुतेक वेळा चित्रपटातले नसतेच. स्टुडिओच्या काळात दृश्य चित्रित झाले की स्थिरचित्रकार आपला मोठा कॅमेरा घेऊन पुढे येई, नट तेच दृश्य त्याच्यासाठी पुन्हा उभे करत, प्रकाश थोडा बदलला जाई, माणसे जवळ सरकवली जात, आणि नंतर निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या पुसल्या जात. ते चित्र थिएटरबाहेर आणि वर्तमानपत्रांत लावण्यासाठी होते. प्रत्यक्ष फिल्ममधून काढलेली चौकट ही वेगळी वस्तू. या दोन वस्तूंना एकाच नावाने सूचीत टाकणे म्हणजे नाटकाची जाहिरात आणि नाटकाची संहिता एकाच कपाटात कोंबण्यासारखे आहे.

फिल्मच जेव्हा नष्ट झालेली असते तेव्हा हा फरक आणखी महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९१२ ते १९२९ या काळातल्या १०,९१९ अमेरिकी मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात शिल्लक आहेत ते जेमतेम १४ टक्के. बाकीच्यांतल्या अनेकांची ओळख फक्त स्थिरचित्रांतून होते. लॉन चॅनी या नटाचा १९२७ चा ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. उंच टोपी, बटबटीत डोळे आणि करवतीसारख्या दातांचे हास्य असलेला त्याचा चेहरा चित्रपट न पाहिलेल्यांनाही माहीत असतो, आणि चित्रपट आज कोणालाच पाहता येत नाही. स्टुडिओच्या कोठारातली शेवटची ज्ञात प्रत आगीत गेली. स्थिरचित्रे एकापुढे एक लावून २००२ मध्ये त्याची पुनर्रचना झाली. मी या प्रयत्नाचा चाहता आहे, कारण तो आपण काय आहोत हे लपवत नाही: चित्रे स्थिरच राहतात, कॅमेरा त्यांच्यावरून फिरतो, आणि मधला अंधार प्रेक्षकाला जाणवत राहतो. चॅनी त्या दातांसकट कसा चालत असे, थांबत असे, हे आपल्याला कळत नाही, आणि कळते असे भासवलेही जात नाही.

मराठी वाचकाला हे पटायला लांब जावे लागू नये. बालगंधर्वांच्या स्त्री-भूमिकांची छायाचित्रे आपल्या नजरेत बसलेली आहेत, गाणे ध्वनिमुद्रिकांवर आहे, आणि १९३५ च्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात ते दिसतात ते संत एकनाथांच्या पुरुष-भूमिकेत. त्यांच्या शालू नेसण्याची, वावरण्याची, नजरेची जी भूल समकालीनांनी वर्णन केली ती चालण्या-वळण्यात होती. स्टुडिओतल्या छायाचित्रात शालू आला, चाल आली नाही. त्या छायाचित्रांकडे पाहून ‘यात एवढे काय होते’ असे विचारणाऱ्या तरुणाचा मला राग येत नाही. त्याला जे दाखवले गेले त्यावरून त्याने प्रश्न विचारला आहे.

चित्राखालच्या ओळीने काय होते हे रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हच्या प्रयोगामुळे चित्रपटाच्या विद्यार्थ्याला पाठ असते. नट मोझुखिनच्या निर्विकार चेहऱ्याची एकच चौकट एकदा सूपाच्या ताटलीशेजारी, एकदा शवपेटीशेजारी जोडली, आणि पाहणाऱ्यांनी त्याच चेहऱ्यात भूक आणि शोक वाचला, अशी ती हकीकत. अभिलेखागाराची सूची रोज हेच करत असते. ‘ऑथेल्लोच्या भूमिकेत’ असे लिहिले की त्याच कपाळावरच्या आठीत मत्सर दिसतो. ‘तालमीच्या वेळी’ असे लिहिले की कंटाळा. ही ओळ लिहिणाऱ्याच्या हातात एवढी सत्ता असेल, तर तिने ‘स्टुडिओत, विक्रीसाठी, प्रयोगानंतर तीन महिन्यांनी’ हे शब्दही खर्च करायला हरकत नसावी.

प्रतिमांनी अभिनयाची नोंद होऊच शकत नाही असे मात्र मला म्हणायचे नाही. जर्मन नाटककार-दिग्दर्शक बेर्टोल्ट ब्रेख्टने १९४८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या खूर येथे ‘अँटिगनी’ बसवले, तेव्हा त्याची सहकारी रुथ बेर्लाउने प्रयोगाची छायाचित्रे क्रमाने घेतली आणि पुढच्या वर्षी ती टिपणांसह प्रसिद्ध झाली. बर्लिनमध्ये नंतर अशा ‘नमुना-पुस्तकां’ची परंपराच झाली. त्यात एखाद्या नटीचा देखणा चेहरा शोधला तर निराशा होईल. कोण कोणाकडे पाठ करून उभा आहे, भांडे कोणत्या वाक्याला खाली ठेवले, दोन माणसांतले अंतर प्रसंगाच्या शेवटी किती वाढले, हे एकामागून एक चित्रांत आणि खालच्या मजकुरात सापडते. नोंद करायचीच तर ती अशी दिसते: पुष्कळ चित्रे, अनाकर्षक, क्रमवार, आणि शब्दांना बांधलेली. एकट्या सुंदर छायाचित्राने हे काम केले असे मानण्याची चूक ब्रेख्टने केली नाही.

आता हलणाऱ्या चेहऱ्यांकडे येतो, कारण तिथे ही बेफिकिरी चुकीच्या पलीकडे जाते. वंशावळी शोधून देणाऱ्या एका संकेतस्थळाने २०२१ मध्ये जुन्या छायाचित्रातला चेहरा पापण्या मिटतो, मान वळवतो, हसतो असे दाखवणारी सोय आणली, आणि तेव्हापासून दिवंगत नट-नट्यांचे असे हलते तुकडे सतत फिरत असतात. त्यामागची रीत समजून घेतली पाहिजे: ती हालचाल दुसऱ्याच कोणा माणसाच्या आधी चित्रित करून ठेवलेल्या हालचालीवरून उचललेली असते, आणि आजच्या प्रणाली ती असंख्य परक्या चेहऱ्यांच्या सरासरीतून बनवतात. आजोबांच्या फोटोत हे केले तर ती एक हळवी करमणूक आहे. नटाच्या बाबतीत मात्र हालचाल हीच त्याची कला होती, तीच हरवलेली आहे, आणि नेमकी तीच जागा उपऱ्या हालचालीने भरली जाते. गायकाच्या छायाचित्राला दुसऱ्याचा आवाज जोडून ‘ऐका, ते असे गात’ असे कोणी म्हटले असते तर आपण त्याला हाकलून दिले असते.

रंगांच्या बाबतीत हा वाद एकदा होऊन गेला आहे. कृष्णधवल चित्रपट संगणकाने रंगवण्याची लाट १९८० च्या दशकात आली, तेव्हा अमेरिकेत १९८८ चा राष्ट्रीय चित्रपट जतन कायदा झाला. त्याने राष्ट्रीय सूचीतल्या चित्रपटात असा मोठा बदल केला असेल तर तसे प्रेक्षकाला स्पष्ट सांगणारी पट्टी लावण्याची अट घातली. जॉन ह्यूस्टन यांच्या १९५० च्या एका कृष्णधवल चित्रपटाची रंगवलेली आवृत्ती दूरचित्रवाणीवर दाखवण्याविरुद्ध त्यांचे वारस फ्रान्समध्ये लढले आणि १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. अमेरिकेतली अट १९९२ मध्ये कायद्याचे नूतनीकरण होताना गळून पडली, हे मला त्या वेळच्या आळसाचे लक्षण वाटते. बंदी घाला असे मी म्हणत नाही. खासगी माणसाने आपल्या संगणकावर काय करावे हे सांगण्याची इच्छाही नाही. पण सार्वजनिक संग्रहातून निघालेली बदललेली प्रतिमा तशी खूण घेऊनच फिरली पाहिजे, खूण प्रतिमेच्या आतच असली पाहिजे, आणि संग्रहालयांनी स्वतः लोकांना ओढण्यासाठी असले हलते चेहरे वाटू नयेत.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो. प्रत्येक कार्डाची मागची बाजू घ्यायची म्हणजे काम दुप्पट, आणि माणसे तर आहेत त्याहून कमी होत चालली आहेत. आक्षेप खरा आहे. परंतु पुढची बाजू एकटीच घेतलेली प्रतिमा आज ना उद्या पुन्हा घ्यावीच लागते, कारण तारीख ठरवायला स्टुडिओचा पत्ता आणि काचेचा क्रमांक याहून चांगले साधन नसते. स्टुडिओ जागा बदलत असत, आणि पत्ता कळला की साल जवळपास सापडते. जुनी कार्डे एकदा ठिसूळ झाली की पुन्हा पुन्हा हाताळणे परवडत नाही. काही संस्था दोन्ही बाजू देतातही, म्हणजे हे अशक्य नाही. दुसरा आक्षेप असा की रंगीत, हलते चेहरे नसतील तर तरुण मंडळी या इतिहासाकडे फिरकणार नाहीत. फिरकतील की नाही हे मी सांगू शकत नाही, पण त्यांना ज्याकडे ओढले जाते आहे तो हा इतिहास नाही, एवढे सांगू शकतो. मानेमागचा चिमटा दाखवला तर तरुण मुलाला कंटाळा येईल असे ज्यांना वाटते, त्यांनी तो एकदा दाखवून पाहावा.

राहता राहिला एक आक्षेप, जो मला अधिक गंभीर वाटतो: प्रत्येक प्रतिमेवर एवढा संशय घेतला तर हाती उरते काय? पुष्कळ उरते. पोशाखाची शिवण, दागिन्यांची घडण, रंगभूषेची जाडी उरते. कोणत्या नटाला किती मागणी होती हे उरते. आणि नटाने किंवा छायाचित्रकाराने त्या भूमिकेतला कोणता क्षण विकायला काढला, हेही उरते. गॅरिकचा रिचर्ड सिंहासनावर न दाखवता भेदरलेला दाखवला गेला, यातून त्या काळच्या प्रेक्षकाला नटात काय पाहायचे होते ते कळते. चेखवभोवतीची मंडळी ऐकण्याचे सोंग करत होती हे कळल्यावर ते छायाचित्र मला आधीपेक्षा जास्त आवडू लागले. नाटक कसे वाचले गेले याऐवजी, नाटककाराला मध्यभागी बसवून त्याचे ऐकणारी मंडळी अशी आपली ओळख जगापुढे ठेवण्याची त्या संस्थेला किती निकड होती, हे त्यातून दिसते.

पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादार आणि त्याचा भाऊ आद्रियां तुर्नाशाँ यांनी १८५४-५५ मध्ये मूकाभिनेता शार्ल देब्युरो याची पियरो या विदूषकाच्या वेशातली छायाचित्रांची मालिका काढली. पांढरा सैल झगा, पांढरा चेहरा, काळी टोपी. त्यातल्या एकात तो कॅमेऱ्याशेजारी उभा आहे आणि आता चित्र घेणार असल्याचा अभिनय करतो आहे. त्याच्या कॅमेऱ्याचे भिंग सरळ आपल्यावर रोखलेले आहे. ज्या कॅमेऱ्याने त्याला टिपले तो अर्थातच चित्रात नाही.